पक्षी दाखवणारी माणसे

या देशात आपण स्थिरावलो की काही गोष्टी आपोआप पाठ होतात. टर्नपाइकचे एक्झिट, कुठल्या गावातल्या शाळा चांगल्या, कुठल्या दुकानात मेथी ताजी मिळते, हे झोपेतून उठवून विचारले तरी आपण सांगू. पण घरासमोरच्या मेपलवर रोज सकाळी कर्कश ओरडणारा तो निळा पक्षी कोणता, असे कोणी विचारले, तर त्याच घरात वीस वर्षे राहिलेले नवरा-बायको एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. यात दोष कोणाचाच नाही. नोकरी, ग्रीन कार्ड, मॉर्टगेज, मुलांच्या पोहण्याच्या नि व्हायोलिनच्या शिकवण्या, या सगळ्यांतून मान वर करायला सवड मिळाली कधी?

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभी असताना मला हमखास एक प्रश्न येतो. "तुम्ही म्हणे पहाटे उठून पक्षी बघायला जाता! हे वेड लागलं कुठून?" विचारणाऱ्याला दोन वाक्यांत उत्तर हवे असते, कारण मागे रांग खोळंबलेली आणि पुढे श्रीखंड संपत आलेले असते. म्हणून सविस्तर उत्तर इथे लिहिते आहे. थोडक्यात सांगायचे तर, पक्षी दिसायला डोळे पुरतात, पण छंद लागायला शेजारी एखादे माणूस लागते.

ठिणगी टाकणारा पक्षी

इथल्या पक्षिनिरीक्षकांत 'स्पार्क बर्ड' असा एक शब्द रूढ आहे. ज्या पक्ष्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा ठिणगी पडली, तो पक्षी. दोन अनोळखी पक्षिवेडे भेटले की "तुमचा कोणता?" असे विचारतात आणि मग अर्धा तास कुठे जातो कळत नाही.

अमेरिकेतली सर्वांत प्रसिद्ध ठिणगी रॉजर टोरी पीटरसनची. १९०८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउन गावी जन्मलेला हा मुलगा. शाळेतल्या एका शिक्षिकेने मुलांचे पक्षिमंडळ काढले होते. अकरा वर्षांचा असताना त्याला झाडावर पिसांचा एक गोळा दिसला. फ्लिकर नावाचा सुतारपक्षी, बहुधा मेलेला. त्याने हात लावताच तो गोळा जागा झाला आणि पंखांखालचे सोनेरी अस्तर दाखवत भुर्रकन उडून गेला. मेला असे वाटलेल्या पक्ष्यात एकाएकी एवढा जीव येतो, हे त्या मुलाच्या मनातून आयुष्यभर गेले नाही. पुढे १९३४ साली त्याने खिशात मावेल असे पक्ष्यांचे पुस्तक काढले. चित्रात ओळखीची खूण जिथे असेल तिथे त्याने बारीक रेघ काढून दाखवली, आणि सामान्य माणसाला दुर्बिणीतून पक्षी ओळखता येऊ लागला.

आपल्याकडची ठिणगी मुंबईची. साधारण दहा वर्षांच्या सालिम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, असे त्यांनी मामांना विचारले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी शिकारी होते, पण त्यांनाही ते सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड साहेबांनी त्या बुजऱ्या पोराला हाकलले नाही. पक्षी ओळखला आणि एकामागून एक खण उघडून सोसायटीचा पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह त्याला दाखवला. सालिम अलींच्या आत्मचरित्राचे नावच त्या चिमणीवरून पडले आहे. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले आणि आपल्याकडच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. पक्षी दोघांनाही अचानक भेटला. पण एकाच्या मागे शाळामास्तरीण होती आणि दुसऱ्यासाठी खण उघडणारा सचिव होता. ती दोन माणसे नसती तर फ्लिकर उडून गेला असता, चिमणी मरून गेली असती, आणि गोष्ट तिथेच संपली असती.

माझी ठिणगी अगदीच साधी. मी १९८९ साली न्यू जर्सीत आले आणि एका औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागले. मे महिन्यात एकदा दुपारच्या सुट्टीत गोदामाच्या दाराशी आमचा म्हातारा गोदामप्रमुख छताच्या कडेला बोट दाखवून उभा होता. वर चिखलाचे वाटीसारखे घरटे, आणि दोन पाकोळ्या आत-बाहेर करत होत्या. पाठ निळी, गळा तांबूस, शेपूट दुभंगलेली. मी म्हटले, "या तर आमच्याकडे थंडीत तारांवर ओळीने बसतात!" तो म्हणाला, "थंडीत? मग उन्हाळ्यात जातात कुठे?" मला उत्तर ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने आपले पीटरसनचे जुने पुस्तक माझ्या टेबलावर आणून ठेवले.

उत्तर असे. ही भिंगरी जगभर पसरलेली एकच जात आहे. महाराष्ट्रात दिसतात त्या हिमालयातून आणि त्याच्या उत्तरेच्या प्रदेशांतून हिवाळ्यापुरत्या आलेल्या पाहुण्या. न्यू जर्सीतल्या मात्र इथे अंडी घालून थंडीत दक्षिण अमेरिकेकडे जातात. पक्षी तोच, वेळापत्रक वेगळे. मी लहानपणी त्या पक्ष्याचे फक्त अर्धे वर्ष पाहिले होते. उरलेले अर्धे मला इथे पाहायला मिळाले.

टोप्यांवरचे पक्षी आणि नाताळची मोजणी

हा छंद अमेरिकेत एवढा पसरला तो नुसत्या हौसेने नव्हे. त्यामागे एक जुनी लढाई आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बायकांच्या टोप्यांवर पिसे, पंख, कधी अख्खे पक्षी खोचण्याची फॅशन होती. आपल्या न्यू जर्सीतल्याच एंगलवूडचा फ्रँक चॅपमन १८८६ साली मॅनहॅटनमध्ये दोनदा फेरफटका मारून टोप्या मोजत गेला. सातशे टोप्यांपैकी ५४२ वर पिसे होती आणि त्यांत त्याने चाळीस जातींचे पक्षी ओळखले! १८९६ साली बोस्टनच्या हॅरिएट हेमनवे आणि मिना हॉल या दोन प्रतिष्ठित स्त्रियांनी चहापानाला मैत्रिणी बोलावून त्यांच्याकडून पिसे न वापरण्याची वचने घ्यायला सुरुवात केली. त्यातून मॅसॅच्युसेट्सची ऑडुबॉन सोसायटी उभी राहिली. एका दिवाणखान्यातून दुसऱ्या दिवाणखान्यात ही चळवळ गेली. आपल्याकडे हळदीकुंकवातून जे होऊ शकते, तेच.

नाताळच्या दिवशी गटागटाने बंदुका घेऊन निघायचे आणि कोणाची शिकार जास्त ते मोजायचे, अशीही एक चाल होती. चॅपमनने १९०० सालच्या नाताळात सुचवले की, मोजा, पण जिवंत मोजा. त्या दिवशी पंचवीस ठिकाणी सत्तावीस माणसांनी पक्षी मोजले. आज हीच ख्रिसमस बर्ड काउंट पंधरा मैल व्यासाच्या दोन हजारांहून अधिक वर्तुळांत दरवर्षी होते.

पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर असेच घडले. तिथल्या डोंगरधारेवरून दर शरदात हजारो ससाणे आणि गरुड दक्षिणेला जातात, आणि लोक ते गंमत म्हणून टिपत. १९३४ साली रोझली एज या न्यूयॉर्कच्या बाईंनी तो डोंगरच भाड्याने घेतला आणि राखणदार बसवला. बंदुकवाले परतवले गेले, दुर्बीणवाले येऊ लागले. राखणदाराने रोज पक्ष्यांची नोंद ठेवली. पुढे रेचल कार्सन यांनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात डीडीटीविरुद्ध जे पुरावे मांडले, त्यांत हॉक माउंटनवरची कोवळ्या गरुडांची घटती संख्याही होती. १९७२ साली इथल्या शेतीतले डीडीटी बंद झाले. १९७० च्या दशकात न्यू जर्सीत बाल्ड ईगलचे एकच घरटे उरले होते. आज अडीचशेहून अधिक जोड्या आहेत.

दाखवायचे कसे

पक्षी दाखवणे ही एक कला आहे आणि ती शिकता येते. "तो बघा, तिकडे, त्या फांदीवर!" असे ओरडून काही होत नाही, झाडाला फांद्या पन्नास. अनुभवी माणसे झाडाला घड्याळ मानतात. शेंडा म्हणजे बारा. "दोनच्या ठिकाणी, सुकलेल्या फांदीच्या टोकाला" म्हटले की सगळ्यांच्या माना एकदम वळतात.

दुसरे, आकार. सालिम अलींनी आपल्या पुस्तकात मापे सांगताना ओळखीचे पक्षी वापरले: चिमणीपेक्षा लहान, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा, कावळ्यापेक्षा मोठा. ही पद्धत इथेही चालते. चिमणी आणि कावळा इथे आहेतच, आणि साळुंकीच्या जागी रॉबिन धरावा. माप जवळजवळ तेच. मग पाहायची चोच: जाड असेल तर दाणे फोडणारा, बारीक असेल तर किडे टिपणारा. मग वागणूक: खोडावर चढतो की जमिनीवर उड्या मारतो, शेपूट हलवतो की नाही. रंग शेवटी. उजेडाप्रमाणे रंग फसवतो, सवयी सहसा फसवत नाहीत.

दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे असतात. पहिला म्हणजे किती पट मोठे दिसेल, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, म्हणजे आत उजेड किती येईल ते. नव्या माणसाने आठ पटीच्या वर जाऊ नये; हात थरथरतो आणि पक्षी सापडत नाही. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी कडी आत फिरवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे: पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणावी. खाली दुर्बिणीकडे बघितले की पक्षी गेलाच म्हणून समजा.

हे सगळे एकत्र पाहायचे असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये केप मेला जावे. न्यू जर्सीचे दक्षिण टोक, एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला डेलावेअरची खाडी. दक्षिणेला निघालेले शिकारी पक्षी पाणी ओलांडायला बिचकतात आणि नरसाळ्यातून उतरावे तसे त्या टोकाशी जमतात. वायव्येचा गार वारा सुटला की दिवस भाग्याचा. दीपगृहाजवळच्या लाकडी मंचावर १९७६ पासून त्यांची मोजणी चालते. तिथे कोणी कोणाला नाव, गाव, हुद्दा विचारत नाही. आपल्या शिक्र्याच्या नात्यातला एक पक्षी डोक्यावरून जातो, कोणीतरी मोठ्याने नाव घेते, आणि शेजारचा अनोळखी माणूस आपला टेलिस्कोप खाली करून तुमच्या मुलाच्या उंचीला लावून देतो. आपल्या वारीत जसे सगळेच माउली, तसे काहीसे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. आपल्या रंगाच्या माणसाने दुर्बीण घेऊन परक्या वस्तीत फिरावे का, ही शंका आपल्यापैकी अनेकांना येते, आणि ती निराधार नाही. मे २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये क्रिश्चन कूपर या कृष्णवर्णीय पक्षिनिरीक्षकाने एका बाईला कुत्र्याला साखळी लावायला सांगितले, तर तिने पोलिसांना फोन केला. म्हणून सुरुवात गटाबरोबर आणि राखीव उद्यानात करावी, दुर्बीण कोणाच्या खिडकीकडे वळवू नये. पण घरी बसू नये. आपण दिसू लागलो की लोकांना आपली सवय होते.

कारळे

या छंदाचे मोल मला खऱ्या अर्थाने कळले ते माझ्या सासूबाईंमुळे. सासरे गेल्यानंतर पहिल्यांदाच त्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या, त्याही जानेवारीत. आम्ही दोघे कामावर, मुले शाळेत. गाडी येत नाही, इंग्रजी येत नाही, बाहेर बर्फ. मार्चपर्यंत त्या फारशा बोलेनाशा झाल्या. "परतीचं तिकीट अलीकडे घेता येईल का रे?" असे मुलाला विचारू लागल्या. ज्यांच्या घरी आई-वडील येऊन राहतात, त्यांना हे वाक्य नवीन नसेल.

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर मी गोल्डफिंच पक्ष्यांसाठी काळ्या बारीक दाण्यांची नळी टांगली होती. एकदा दाणे भरताना पिशवी सांडली. आई पुढे आल्या, चिमूटभर दाणे तळहातावर घेऊन चोळले, वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर आपली खुरासणी!"

त्यांचे माहेर इगतपुरीकडचे. पावसाळा सरताना तिकडची शेते खुरासणीच्या फुलांनी पिवळी होतात. आपण ज्याला कारळे म्हणतो आणि ज्याची चटणी भाकरीबरोबर खातो, तेच हे बी. अमेरिकेत ते 'नायजर' म्हणून, आणि कधी 'थिसल' अशा चुकीच्या नावाने, पक्ष्यांसाठी विकतात. भारतातून, इथिओपियातून ते येते, आणि बरोबर आलेल्या तणाच्या बिया इथे रुजू नयेत म्हणून त्याला आधी उष्णता देतात. म्हणजे न्यू जर्सीचा राज्यपक्षी असलेला गोल्डफिंच, आमच्या अंगणात आपल्या चटणीवर पोसला जात होता!

त्या दिवसापासून आईंची खुर्ची खिडकीशी गेली. फ्रिजवरच्या कालनिर्णयात प्रत्येक तारखेच्या चौकोनात, दूधवाल्याचा हिशेब मांडावा तसे आकडे पडू लागले: ७, ११, ९. कुंपणापलीकडच्या इटालियन आजींकडेही तशीच नळी होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. एक बोटांनी नऊ दाखवी, दुसरी मान हलवून बारा. एप्रिलमध्ये मळकट दिसणाऱ्या नरांची पिसे बदलून ते पिवळेजर्द होऊ लागले, तेव्हा आई संध्याकाळी दारातच मला म्हणाल्या, "चल लवकर, पोरांना हळद लागली!" तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. जाताना इटालियन आजींनी दिलेला गोल्डफिंचचा फोटो त्या नाशिकला घेऊन गेल्या. तो त्यांच्या देवघराशेजारी शेवटपर्यंत होता.

नाव ठेवण्याचा हक्क

परक्या मुलुखात आलेला माणूस ओळखीचे काही शोधतो, हे आपल्यापुरते खरे नाही. रॉबिनचेच पाहा. इंग्लंडहून आलेल्या वसाहतवाल्यांनी इथला तांबड्या छातीचा पक्षी पाहिला आणि मायदेशाच्या आठवणीने त्याला आपल्या रॉबिनचे नाव दिले. दोघांचे फारसे नाते नाही. अमेरिकन रॉबिन आपल्या कस्तूराच्या घराण्यातला. चिमणी १८५० च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये आणून सोडलेली, स्टार्लिंग १८९० साली सेंट्रल पार्कमध्ये. आपल्या गायबगळ्याचा पश्चिमेकडचा भाऊ तर आफ्रिकेतून अटलांटिक ओलांडून स्वतःच आला, व्हिसा न काढता. तेव्हा इथले कोण आणि बाहेरचे कोण, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

मारुती चितमपल्लींनी (१९३२–२०२५) वनखात्यात आयुष्य घालवताना रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची नावे गोळा केली आणि मराठीला केवढे तरी शब्द मिळवून दिले. आपण तेवढे करू शकणार नाही, पण घरापुरती नावे ठेवायला काय हरकत आहे? आमच्याकडे खांद्यावर तांबडी पट्टी असलेला काळा पक्षी 'सुभेदार' आहे. खोडावरून उलटा उतरणारा नटहॅच 'उलटराव'. मुलांचे मराठी आता अडखळते, पण 'उलटराव आला' हे वाक्य अजून शुद्ध येते. नाव ठेवले की पक्षी आपला होतो, आणि पक्ष्याबरोबर ते झाडही.

आकड्यांचे काय होते

आईंच्या कालनिर्णयातले आकडे कोणाच्या उपयोगी पडले नाहीत, पण तसेच आकडे आज जगभरातून जमा होतात. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिप्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी २००२ साली 'ई-बर्ड' सुरू केले. कुठे, केव्हा, किती वेळ पाहिले आणि काय दिसले, एवढेच लिहायचे. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने दाखवले की, १९७० च्या तुलनेत उत्तर अमेरिकेत जवळजवळ तीनशे कोटी पक्षी कमी झाले, म्हणजे चारात एकाहून जास्त. धक्कादायक हे की, घट मुख्यतः दुर्मीळ नव्हे तर साध्या पक्ष्यांची आहे. हे कळले त्यात हौशी माणसांनी अनेक वर्षे ठेवलेल्या नोंदींचा वाटा मोठा होता. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवालही सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. दुर्मीळ पक्ष्याकडे सगळ्यांचे लक्ष असते. नेहमीचा पक्षी नाहीसा होतो तेव्हा त्याला रोज मोजणारे कोणी असेल तरच ते कळते.

आता फोनवर 'मर्लिन' आहे. आवाज ऐकून तो नाव सांगतो, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतो. जरूर वापरावा. पण नाव कळणे आणि ओळख होणे यांत फरक आहे, हे लग्नाच्या हॉलमध्ये शंभर नावे ऐकलेल्या कोणालाही पटेल.

सुरुवात करायची असेल तर फेब्रुवारीतली चार दिवसांची 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' सोयीची. खिडकीतून पंधरा मिनिटे मोजले तरी चालते, आणि त्याच दिवसांत भारतातही मोजणी असते. पुण्यातल्या भावाने बुलबुल मोजावेत, आपण एडिसनमध्ये रॉबिन, आणि रविवारच्या फोनवर आकडे सांगावेत. मे महिन्यात ग्रेट स्वॅम्पला जावे. तिथे विमानतळ होणार होता, तो स्थानिक लोकांनी अडवला आणि १९६० साली राखीव क्षेत्र झाले. गुडघे दुखणारे वडील बरोबर असतील तर ब्रिगँटीनच्या राखीव क्षेत्रात आठ मैलांचा रस्ता गाडीतूनच फिरता येतो.

दुर्बीण नसेल तर मागून घ्या. पण जाताना एकटे जाऊ नका. एक मूल, एक म्हातारे माणूस, नाही तर नुकताच या देशात आलेला एखादा विद्यार्थी बरोबर घ्या. पहिला पक्षी दिसला की त्याला घड्याळाचा काटा सांगा आणि त्याला तो सापडेपर्यंत थांबा.